विजेत्याला वजन, पोर्शला रिस्ट्रिक्टर: लीगच्या नव्या नियमावर

पर्वतीपायथा
पुण्याच्या आपल्या एसीसी (असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, संगणकावरचा कार-रेसिंग गेम) लीगचा नवा नियम सगळ्यांनी वाचला असेलच: "जिंकणाऱ्याला 15, दुसऱ्याला 10, तिसऱ्याला 5 किलो, पुढच्या शर्यतीपासून. शिवाय पोर्शला सगळ्या ट्रॅकवर 3 टक्के रिस्ट्रिक्टर." रिस्ट्रिक्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवून ताकद घटवणं. हे वाचून गप्प बसवेना.

या दोन गोष्टी सर्व्हरच्या दोन वेगळ्या फायलींत जातात. बॉप (बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे गाड्या बरोबरीत आणणं) फाईलमध्ये ट्रॅक आणि गाडीचं मॉडेल, एन्ट्रीलिस्टमध्ये (भाग घेणाऱ्यांच्या यादीत) ड्रायव्हर. एक गाडीचा हिशोब, एक माणसाचा. गाडी उजवी असेल तर त्या मॉडेलच्या सगळ्यांवर भार टाका, माझी हरकत नाही. पण माणूस चांगला चालवतो म्हणून त्याच्या बोकांडी पोती का चढवायची?

आणि "सगळ्या ट्रॅकवर 3 टक्के" हे तर साफ चूक. वरच्या वेगाला हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ताकद 3 टक्के घटली असं धरलं तर टॉप स्पीड साधारण 1 टक्का पडतो, म्हणजे ताशी 260 किमीचे 257. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या मुख्य सरळीवर तेवढ्यात मागचा पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) आत नाक घालतो. हंगेरीच्या हंगारोरिंगला मात्र गाडी एका वळणातून दुसऱ्यात जाते, तिथे त्याच 3 टक्क्यांची धार बरीच बोथट होते. वजनाचं नेमकं उलटं. 1300 किलोच्या गाडीवर 13 किलो म्हणजे 1 टक्का. टॉप स्पीडला ते फारसं लागत नाही, पण ब्रेकिंगला, वळणात, वळणातून सुटताना आणि टायरला दर लॅप लागतं. कात्रजच्या घाटात भरलेला ट्रक उतरताना बघा, म्हणजे कळेल.

खडकीकर
तत्त्व बरोबर आहे, पण लीग तत्त्वावर चालत नाही. तेच तिघे दर आठवड्याला पोडियमवर आणि अकराव्या-बाराव्या नंबरची पोरं मोसमाच्या मध्येच गळतात. विजेत्यावर वजन चढवणं हा आपला शोध नाही. ब्रिटिश टूरिंग कारमध्ये 2021 पर्यंत होतं, जपानच्या सुपर जीटीत तर त्यावरच अख्खं चॅम्पियनशिप रंगतं. तिथले लोक मूर्ख आहेत का?

पर्वतीपायथा
मूर्ख नाहीत. पण ब्रिटिश टूरिंगने 2022 पासून वजन काढलंच ना? त्याजागी पुढच्यांचा हायब्रिडचा वापर कमी केला.

खडकीकर
म्हणजे पुढच्याला मागे ओढायचं हे कायमच राहिलं. साधन बदललं, इतकंच.

पर्वतीपायथा
बरं, हा मुद्दा तुमचा. पण मग आकडा तरी मोजून ठरवा. 15 किलो कुठून आले?

डेक्कन_जिमखाना_ब्रेकिंग
मोजायचं कसं ते कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. सर्वांत वेगवान माणूस टेस्टला घ्यायचा नाही, तो कुठलीही गाडी ओढून नेतो. मधल्या वेगाचे तिघे घ्या. प्रत्येकाने प्रत्येक गाडी चालवायची. हवामान कोरडं आणि स्थिर, इंधन सगळ्यांना 50 लिटर. टायर गरम व्हायला दोन लॅप सोडा, पुढचे दहा मोजा, त्यातला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट फेकून मधला आकडा धरा. लॅपपेक्षा सेक्टर बघा. सेक्टर एकमध्ये कमावून तीनमध्ये गमावणारी गाडी आणि तिन्हीकडे सारखी चालणारी गाडी यांचा लॅप टाईम एकच येईल, पण शर्यतीत पहिली गाडी पुढे काढता येते आणि दुसरी नाही.

टेस्टला मुद्दाम हळू चालवणारे असतातच. त्यांना पकडायला सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्री लॅप्स वाढवा आणि फाईल मोटेकमध्ये (गाडीच्या नोंदी आलेखात दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. एकट्याने, कोणाच्याही स्लिपस्ट्रीममध्ये (पुढच्या गाडीच्या हवेच्या आडोशात) नसताना, पूर्ण थ्रॉटलवर ताशी 150 वरून 230 किमीवर जायला किती वेळ लागला तो बघा. थ्रॉटल 100 वर आहे की नाही हे रेघेत दिसतं, तिथे लपवाछपवी चालत नाही. रिस्ट्रिक्टर ठरवायचा तो या आकड्यावरून. वजन ठरवायचं ते हळू वळणांतल्या किमान वेगावरून.

आणि वजन चढलं की जुना सेटअप तसाच ठेवू नका. टायर जास्त तापतात, प्रेशर वर जातं. थंड प्रेशर 0.1 ते 0.2 पीएसआयने उतरवून 26 ते 27 च्या मध्ये आणा, नाहीतर दोष बॉपचा नाही, तुमचा.

औंधचा_अंडरस्टिअर
गाड्यांचं बॉप करत बसा. खरी तफावत पायाखाली आहे. एकाकडे लोड सेल पेडल, दुसऱ्याकडे लॉजिटेकच्या जी29 स्टिअरिंग-पेडल संचातला पोटेन्शिओमीटर. एक दाब मोजतो, दुसरा अंतर. मोंझाला पहिल्या शिकेनच्या ब्रेकिंगला दर लॅप तोच दाब द्यायचा तर पायाला दाब लक्षात राहतो, अंतर नाही. याचे किलो कोण लावणार?

डेक्कन_जिमखाना_ब्रेकिंग
आपण चालवतो त्या जीटी3 वर्गाच्या गाड्यांना एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. सरळ ब्रेकिंगमध्ये लोड सेलचा फायदा तुम्ही म्हणता तेवढा नाही.

औंधचा_अंडरस्टिअर
सरळ ब्रेकिंगबद्दल कोण बोलतंय? ट्रेल ब्रेकिंगबद्दल बोलतोय. ब्रेक 40 वरून 10 टक्क्यांवर हळू सोडत गाडी वळवायची, तिथे एबीएस काही करत नाही. पोर्शचं इंजिन मागच्या चाकांच्या मागे. ब्रेक झटक्यात सुटला की पुढचा भार जातो आणि नाक सरळ धावतं. लोक म्हणतात पोर्श अवघड, मुळात पेडल अवघड असतं.

सिंहगडरोडकर
मग जी29 वाल्यांनी काय करायचं तेही सांगा की, नुसती रड कशाला? ब्रेकच्या आतला रबरी ठोकळा उपटू नका. तो कडक आहे म्हणूनच थोडा तरी दाबासारखा वागतो. गेममध्ये ब्रेक गॅमा (पेडल किती दाबलं की किती ब्रेक लागतो ते ठरवणारी सेटिंग) 1 वरून वाढवत 2 च्या पुढे न्या, म्हणजे सुरुवातीचा प्रवास मऊ होतो. पेडल फरशीवर सरकत असेल तर मागे भिंतीला टेकवून लाकडी पट्टी घाला. पाय न लावता पडद्यावरची ब्रेकची पट्टी नाचत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. साधं वंगण मारू नका, धूळ आणखी चिकटते. फवारा मारून पेडल पन्नास वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा कॅलिब्रेट करा.

खडकीकर
विषय कुठे गेला! पेडलचा नियम कोणी करू शकत नाही, मोजणार कसं? गाडीचा करू शकतो, म्हणून करतोय.

औंधचा_अंडरस्टिअर
मोजता येतं तेवढंच अन्याय, बाकी नशीब, असंच ना?

खडकीकर
शब्द माझ्या तोंडी घालू नका. एवढं मान्य करतो: "सगळ्या ट्रॅकवर 3 टक्के" हे घाईत झालं. ट्रॅकप्रमाणे वेगळे आकडे लावू. विजेत्याचं वजन मात्र राहणार. कमाल 20 किलो, आणि पहिल्या पाचात न आल्यास 5 उतरतील.

पर्वतीपायथा
20 ची मर्यादा चालेल. आवडली नाही, पण चालेल. शेवटच्या शर्यतीला मात्र शून्य करा. चॅम्पियन ठरताना सगळे सारख्या वजनावर हवेत.

डेक्कन_जिमखाना_ब्रेकिंग
आकडे भरणाऱ्याने मॉडेलचा क्रमांक दोनदा तपासा. पोर्शच्या प्रत्येक मॉडेलचा क्रमांक वेगळा आहे, जुन्या 991 चा टाकलात तर नवी 992 मोकळी सुटेल. फाईल बदलल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा आणि सरावाच्या सत्रात दोन लॅप मारून फरक पडलाय का ते बघा.

सिंहगडरोडकर
पेडलवाल्यांनो, कॅलिब्रेशन झाल्यावर ब्रेक पूर्ण दाबून 100 दिसतोय का बघा. 96 वर अडकत असेल तर कमाल बिंदू थोडा खाली आणा. गुरुवारच्या सरावाआधी करा, क्वालिफायिंगच्या पाच मिनिटं आधी नको.