स्वयमचे ४० टक्के क्रेडिट: विद्यार्थ्याची सोय की प्राध्यापकांची कपात?

चाकणकर
मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. डिप्लोमा २००९चा. पुढे लग्न, मुलगी, घराचे हप्ते. परत कॉलेजात जाऊन बसणं जमण्यासारखं नव्हतं. गेल्या दीड वर्षात रात्रपाळ्या सांभाळून एनपीटेलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाचे, तीन कोर्स सरकारच्या स्वयम पोर्टलवर पूर्ण केले. नाव नोंदवायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर १००० रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. नुसता व्हिडिओ लावून ठेवणारा यात पास होत नाही.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६मध्ये एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) स्वयमवरच्या कोर्समधून मिळवायला मान्यता दिली, २०२१मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. आयआयटी मद्रासने तर २०२०मध्ये जेईईशिवाय डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. चार आठवडे अभ्यास करायचा, पात्रता परीक्षा द्यायची, पास झालात की प्रवेश. गरीब घरातल्या मुलांना ७५ टक्क्यांपर्यंत फीमाफी. मग आपली कॉलेजं हे ४० टक्के वापरायला कां कूं का करतात? तालुक्याच्या गावी ज्या विषयाला शिकवायला माणूसच नाही, तो विषय मुलांना आयआयटीच्या प्राध्यापकाकडून शिकता येतोय. माझं मत ठाम आहे: हे सक्तीने राबवावं.

तासिका तत्त्व
मी अकरा वर्षं सीएचबीवर शिकवते आहे, म्हणजे तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही. मे महिना दरवर्षी कसा काढायचा हा घरात मार्चपासून विषय असतो.

विषयाला माणूस नाही असं तुम्ही लिहिलंत. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत हो, जागा भरलेल्या नाहीत. आता कार्यभाराचा हिशोब ऐका. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास लागतात. विषयांचे तास जमले तरच पद मागता येतं. त्यातले काही विषय स्वयमवर गेले की तेवढे तास वेळापत्रकातून गेले. तास गेले की पद गेलं, आणि पदाच्या आशेवर बसलेला सीएचबीवालाही गेला. तुमच्या हातात प्रमाणपत्र आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुम्ही पस्तिशीतले, पगारदार, शिकायचं ठरवून बसलेले. माझ्या वर्गातली मुलगी अठराची आहे आणि इंग्रजी व्याख्यान चौथ्या मिनिटाला सोडून देते.

पेठची शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग. मी मोबाइलच्या विरोधात नाही. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड रोज वापरते. परितेवाडीच्या डिसले सरांनी ते आधी आपल्या शाळेत करून पाहिले होते, याचा अभिमानही आहे. पण २०२०-२१ मी ओसरीवर आणि पारावर शिकवून काढलंय. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२१च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तरी त्यातल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधीच लागत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जायचा. देशात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८मध्ये २७.३ टक्के होती, २०२२मध्ये २०.५ राहिली. सक्ती हा शब्द ऐकला की मला ती दोन वर्षं आठवतात.

चाकणकर
मॅडम, ती आणीबाणी होती. आठ वर्षांच्या पोराला पडद्यासमोर बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. मी पदवीबद्दल बोलतोय.

सांगलीची आई
पदवीची नाही, शाळेच्या वयातली गोष्ट आहे, तरी सांगते. एका अ‍ॅपचा माणूस घरी आला, मुलाची 'चाचणी' घेतली, मुलगा मागे पडलाय म्हणाला. सही केली ती फीच्या हप्त्यांची समजून. ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. मुलाने दोन महिन्यांत टॅब बंद केला, हप्ते मात्र दीड वर्ष गेले. सरकारी कोर्स फुकट आहेत, मान्य. पण ऑनलाइन म्हटलं की आमच्यासारख्यांच्या दारात आधी हा माणूस येतो.

लातूरचा मास्तर
बाजाराने स्वतःच उत्तर दिलंय की. बायजूज ही ऑनलाइन शिकवणीची कंपनी २०२२मध्ये २२ अब्ज डॉलरची गणली गेली आणि २०२४मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फिजिक्सवाला ही तसलीच दुसरी कंपनी यूट्यूबवर मोठी झाली, पण २०२२पासून तिनेही गावोगावी वर्ग उघडले. पोरगं शंका विचारायला समोर माणूस शोधतंच.

चाकणकर
हे पटत नाही. कंपन्या बुडाल्या त्या उधळपट्टीने. एनपीटेल २००३पासून चालू आहे, जाहिरातीशिवाय. आता तर काही कोर्सचा मजकूर मराठीतही मिळतो. सीएचबीचा अन्याय खरा आहे, पण त्यासाठी विद्यार्थ्याचा मार्ग अडवायचा का? पदं भरा म्हणून सरकारशी भांडा, मीही तुमच्याबरोबर येईन.

तासिका तत्त्व
भांडतोच आहोत. मार्ग अडवू नका हे मला मान्य, सक्ती मान्य नाही. आणि नियम पूर्ण वाचा. २०१६च्या त्याच नियमावलीत आहे की विद्यार्थ्याच्या कॉलेजाने समन्वयक नेमायचा, त्याने कोर्सभर मुलांना मार्गदर्शन करायचं, प्रात्यक्षिकं घ्यायची. आमच्या कॉलेजात समन्वयकाचं नाव कागदावर आहे, वेळापत्रकात त्याला एकही तास नाही. त्या तासाला कार्यभारात धरा, तिथे माणूस बसवा, मग माझ्या मुली आठव्या आठवड्यापर्यंत टिकतील. मी स्वतः असा एक गट शनिवारी बिनपगारी घेतला. सतरा जणी होत्या, अकरा परीक्षेला बसल्या. त्याआधीच्या सत्रात दोघी बसल्या होत्या.

चाकणकर
समन्वयकाची अट मला ठाऊक नव्हती. सक्ती हा शब्द मागे घेतो, ४० टक्के नाही. माझी भाची मंचरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या कॉलेजात या आठवड्यात विचारतो.

तासिका तत्त्व
समन्वयकाचं नाव विचारू नका, नाव सांगतील. कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या खोलीत भेटतात ते विचारा. आणि इथे कळवा.