प्रति: पुण्याचं प्रायव्हेट की अमरावतीचं गव्हर्नमेंट?

वर ज्यांनी भाचीसाठी विचारलंय की सीईटीला बरे मार्क आहेत, पुण्यातलं प्रायव्हेट इंजिनिअरिंग घ्यावं की अमरावतीचं गव्हर्नमेंट, त्यांना सांगते की आधी फीचा आकडा नीट काढा. उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटक) बसत असेल तर २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवी, मॅनेजमेंट कोट्यात घेतली की हे काहीच मिळत नाही आणि हे खूप जणांना फी भरायला गेल्यावर कळतं, फार वाईट वाटतं हो. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या ५ टक्के जागा पण असतात, कुठल्याही कॅटेगरीला, उत्पन्नाची अट तीच ८ लाख, त्याचा चॉइस कोड (कॉलेज-ब्रांचचा नंबर) वेगळा असतो तो कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो. कटऑफ मात्र चढा जातो.

आता खरा खर्च म्हणजे राहणं-खाणं. पुण्यात पीजी, मेस, येणं-जाणं हे चार वर्षं चालूच राहतं आणि ते कुठल्या माफीत येत नाही. एज्युकेशन लोन काढलं तर शिकत असतानाही व्याज चढत राहतं, हे बँकेत नीट विचारून घ्या. मी तरी गव्हर्नमेंटच म्हणेन, आणि भाचीला स्वतःला कुठली ब्रांच हवीये ते विचारलंय का कुणी? उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये दाखले काढायच्या सेतू केंद्रात तोबा गर्दी असते.