टायगर वूड्सला ओल्ड कोर्स का भावतो? मला वाटतं, तो साध्या सार्वजनिक कोर्ससारखा आहे म्हणून

लांब_पुट

सर्वांत आवडता गोल्फ कोर्स (मैदान) कोणता, या प्रश्नावर गोल्फपटू टायगर वूड्सचं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. लोक म्हणतात, इतिहासामुळे. किंवा २००० आणि २००५ ची ओपन, ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा, त्याने तिथे जिंकली म्हणून. मला कारण त्याच्या लहानपणात दिसतं.

टायगर श्रीमंत क्लबात वाढलेला नाही. कॅलिफोर्नियात लाँग बीचचा हार्टवेल हा सगळे होल पार-३ (तीन फटक्यांत संपवायचे) असलेला छोटा सार्वजनिक कोर्स, आणि घराजवळचा नौदलाचा कोर्स, इथे तो शिकला. पुढेही बघा. २००२ ची यूएस ओपन त्याने बेथपेज ब्लॅकवर जिंकली, तो न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचा. २००८ ची टॉरी पाइन्सवर, तो सॅन डिएगो शहराचा.

आता ओल्ड कोर्स डोळ्यांसमोर आणा. कोरड्या उन्हाळ्यात सगळं भुरकट. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे (कापलेल्या गवताची वाट) एकमेकांत मिसळलेला, आणि त्यातून गावातला रस्ता आडवा गेलेला. अठरापैकी चौदा होलना स्वतःचं ग्रीन (झेंड्याभोवतीचं गुळगुळीत गवत) नाही, दोघांत एक अशी सात जोडग्रीनं. १९४६ साली अमेरिकन गोल्फपटू सॅम स्नीडने आगगाडीच्या खिडकीतून हे पाहिलं तेव्हा त्याला तो ओस पडलेला कोर्स वाटला होता. मग त्याच खेपेला तिथेच ओपन जिंकला, ही गोष्ट वेगळी.

साध्या कोर्सवर खेळलेल्याला यातलं काहीच परकं नाही. वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) काढून चेंडू उंच मारावा, तर तो टणक जमिनीवर आपटून ग्रीनच्या पार मागे जातो. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा गुपचूप पटर (चेंडू घरंगळवायची काठी) काढतो आणि तीस-चाळीस यार्डांवरून चेंडू उंचसखल गवतातून घरंगळत नेतो. गरिबीत शिकलेली ही अक्कल ओल्ड कोर्सवर जितकी कामाला येते तितकी कुठेच येत नाही.

वारा_डावीकडून

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत. म्युनिसिपल कोर्सची जमीन टणक होते ती पायाखाली तुडवली गेल्याने आणि देखभालीला पैसे नसल्याने. ओल्ड कोर्सची टणक आहे कारण खाली वाळू आहे. पाणी झरझर निचरतं, वर बारीक पात्याचं फेस्क्यू गवत. दोन्हीकडे चेंडू उसळतो, पण एकीकडे नशिबाने आणि दुसरीकडे हिशेबाने.

हार्टवेलचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. पार-३ वर टीवरून (जिथून पहिला फटका मारतात तिथून) थेट ग्रीन गाठायचं असतं. ओल्ड कोर्सवर खरा प्रश्न हा, की आज झेंडा जिथे लावलाय तिथे पोचायला चेंडू डावीकडून न्यावा की उजवीकडून. ११२ बंकर (वाळूचे खड्डे), त्यातले कित्येक टीवरून दिसतसुद्धा नाहीत. २००० मध्ये टायगर चार दिवसांत एकाही बंकरात गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. हे बुद्धिबळ आहे. ते खेळायला मिळतं म्हणून त्याला तो कोर्स आवडतो.

शिवाय जुन्या काळचा अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स, त्याचं काय? तो अटलांटाच्या क्लबात वाढला. १९२१ च्या ओपनमध्ये इथल्या अकराव्या होलच्या बंकराने असा छळला की त्याने स्पर्धाच सोडली. १९२७ ला तिथेच जिंकला आणि जन्मभर त्या कोर्सच्या प्रेमात राहिला. त्याचं लहानपण कुठे बसवणार?

लांब_पुट

जोन्सला माझ्याकडे उत्तर नाही. पण मी सगळ्यांबद्दल बोलत नव्हतो, टायगरबद्दल बोलत होतो. डावं-उजवं त्याला पुढे कळलं असेल. जमीन वाचायची सवय मात्र आधीची, असं मला अजूनही वाटतं.

रविवारची_पाहुणी

तुम्ही दोघंही गवतावरच भांडताय. कोर्स कुणाचा आहे ते बघा ना. पहिल्या टीमागे रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबची इमारत दिसते, म्हणून बरेच जण कोर्स त्यांचाच समजतात. तसं नाही. १५५२ च्या सनदेत या लिंक्सवर (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवर) खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदला गेला. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या गावाने ती जमीन विकली आणि तिथे ससे पाळले जाऊ लागले, त्यावरून कितीतरी वर्षं झगडा चालला. १८९४ मध्ये गावाने ती परत घेतली. १९७४ पासून कायद्याने स्थापलेला ट्रस्ट सांभाळतो.

मी गेले तो रविवार होता, त्या दिवशी तिथे गोल्फ बंद असतो. अठराव्या ग्रीनसमोर व्हॅली ऑफ सिन नावाचा खोलगट उतार आहे, भल्याभल्यांचे पुट (पटरचे फटके) जिथून परत येतात. त्यात एक लहान मुलगी आडवी होऊन गडगडत खाली येत होती, पुन्हा चढून पुन्हा गडगडत. तिची आई बाजूला कुत्र्याची दोरी धरून उभी. कुणी हटकलं नाही. साधेपणा म्हणायचा तर मी त्याला म्हणेन.

सात_नंबर_आयर्न

रविवारचं चित्र छान, पण सोमवारी काय? हंगामात बाहेरच्या माणसाला एका फेरीचे तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात. वर सोडतीत नाव लागायला हवं, हँडिकॅपचा (खेळाच्या पातळीचा) दाखला हवा. गावकऱ्यांना वार्षिक पास मिळतो, ते रास्तच आहे. पण हार्टवेलसारख्या कोर्सवर शिकणाऱ्या आजच्या पोराला तिथे खेळायची वेळ मिळवणं किती जड जाईल? म्हणून 'गरिबी' हा शब्द मला खटकला. सार्वजनिक असणं आणि परवडणं या दोन गोष्टी आहेत.

लांब_पुट

बरोबर. 'गरिबी' मागे घेतो. पैशांचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता.

'साध्या' मात्र ठेवतो. २०२२ च्या ओपनचा शेवटचा दिवस आठवा. सतराव्या होलवर कॅमरन स्मिथ ग्रीनच्या बाहेर, त्याच्या आणि झेंड्याच्या मध्ये रोड बंकर. हातात वेज घेऊन बंकरावरून उडवता आला असता. त्याने पटर काढला, चेंडू बंकराच्या कडेने उतारावर चढवला, वळवला, आणि पुढचा पुट घालून पार वाचवला. ओपन एका फटक्याने जिंकला.

वारा_डावीकडून

तो फटका मीही श्वास रोखून पाहिला होता. माझ्या लेखी तो हिशेबच. पण पटर काढणं साध्या कोर्सवरचं, हे कबूल.