मदत हवी आहे: फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये अपोजी (रॉकेटचा सगळ्यात उंच बिंदू) कसा पकडायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही काही पोरं मिळून मॉडेल रॉकेटचा फ्लाइट कॉम्प्युटर बनवतोय, कॉलेजचा प्रोजेक्ट. रेडीमेड अल्टिमीटर मिळतात हे माहितीय, सगळे तेच घ्या म्हणतात, पण मग शिकणार काय कप्पाळ? बोर्डावर कंट्रोलर एसटीएम३२, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर एमएस५६११, आयएमयू (त्वरण मोजणारा अ‍ॅक्सेलेरोमीटर आणि फिरणं मोजणारा जायरो एकत्र) एमपीयू६०५०. डेटा लॉगिंगला एसपीआय फ्लॅश मेमरी चिप, एसडी कार्ड मुद्दाम नाही घेतलं, ते मधूनच एखाद्या राइटला अडकून बसतं आणि तेवढा वेळ सगळा लूप ठप्प.

अडलंय ते पॅराशूटपाशी. रॉकेट सगळ्यात वर पोचलं की ते सुटायला हवं. जमिनीजवळ दर मीटरला दाब साधारण १२ पास्कलने उतरतो, म्हणजे उंची काढणं सोपं, पण टेबलावर नुसत्या पडलेल्या बोर्डाची उंचीसुद्धा नाचत असते, कोणी खोलीचं दार धाडकन लावलं तर उडीच मारते. उंचीची सलग ५ रीडिंग उतरती आली की पॅराशूट फायर, असं लॉजिक सध्या आहे आणि माझा त्यावर काडीचा भरवसा नाही. अ‍ॅक्सेलेरोमीटरवर सोडावं तर मोटर विझल्यावर रॉकेट जवळपास फ्री फॉलमध्येच, वर चाललंय की खाली हे त्याला कळणार कसं? मग कालमन फिल्टर (नाचणाऱ्या रीडिंगमधून खऱ्या उंची-वेगाचा अंदाज काढणारं गणित) लावायचा का, आणि त्यातले नॉइजचे आकडे आणायचे कुठून?

दुसरं म्हणजे टेस्टला पॅराशूट सोडणारा इग्नायटर पेटवला की कंट्रोलर रीसेट होतो. बॅटरी एकच आहे.

प्रतिसाद: रीसेटचं आधी बघ, तो जास्त घातक. इग्नायटर करंट ओढतो, व्होल्टेज बसतं, कंट्रोलर ब्राउनआउटमध्ये जातो, म्हणजे व्होल्टेज कमी पडून रीसेट होतो. इग्नायटरला वेगळी बॅटरी दे. आणि इग्नायटर चालू करणाऱ्या मॉस्फेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विच) गेटला पुलडाउन रेझिस्टर (पिन शून्य व्होल्टवर धरून ठेवणारा) आहे ना? नसेल तर बूट होताना पिन तरंगती राहते आणि हातातच फायर होऊ शकतं.

कालमन लाव, उंची आणि वेग एवढ्या दोनच स्टेट पुरेत. बॅरोमीटरचा नॉइज बोर्ड स्थिर ठेवून लॉग कर, त्याचा व्हेरिअन्स (रीडिंग किती विखुरतात त्याचं माप) तोच तुझा आकडा, दुसरा आकडा, म्हणजे फिल्टरच्या मॉडेलचा नॉइज, मात्र जुना डेटा परत परत चालवून हातानेच जुळवावा लागतो. वेग शून्याखाली गेला की अपोजी, पण लाँच डिटेक्ट होऊन मोटर विझेपर्यंत फायरिंग लॉक ठेव. एमएस५६११ वर थेट ऊन पडू देऊ नको, रीडिंग भरकटतं.

धागाकर्ता: पुलडाउन नाहीये! आजच लावतो. पण न उडवता हे सगळं तपासायचं कसं?

प्रतिसाद: हवाबंद बरणीत बोर्ड ठेव, मोठ्या सिरिंजने हवा ओढ, दाब उतरला की बोर्डाला वर चढल्यासारखं वाटेल, मग हळूहळू सोड. इग्नायटरच्या जागी एलईडी.