फ्रँको-ओंटारियन कलाकारांचं ग्रुप प्रदर्शन आणि अमूर्त डिजिटल चित्रं: चित्रात 'ओळख' दिसायलाच हवी का?

रेघा_आणि_रंग
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच. मी ओटावाला असते, पोटापाण्याला डिझाइनची नोकरी आणि स्वतःसाठी डिजिटल अमूर्त चित्रं करते, म्हणजे प्रोसेसिंग नावाच्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमिंग साधनात कोड लिहून रेषांचे थर काढायचे, ते आयपॅडवर घेऊन हाताने खोडायचे, परत वर रंग चढवायचे, असं चालू असतं. फ्रेंच पुण्यात आलियाँस फ्राँसेझला शिकले होते आणि इथे आल्यावर ती एवढी वापरात आली की चित्रवाले मित्र-मैत्रिणी जवळपास सगळे फ्रँको-ओंटारियनच, म्हणजे ओंटारिओ प्रांतातले फ्रेंच बोलणारे, आहेत. आता त्यांच्यातल्याच काही जणांचं एकत्र प्रदर्शन ठरतंय आणि मलाही चित्रं द्यायला सांगितलंय, सोबत 'देमार्श आर्टिस्टिक' हवंय, म्हणजे आपण काय करतो, का करतो ते पानभर फ्रेंचमध्ये लिहून द्यायचं.

आता घोडं अडलंय ते इथे. अशा प्रदर्शनांना मी जाते तेव्हा बघते, निम्मी चित्रं अमूर्त असतात आणि बघायला आलेलं कोणीतरी हमखास विचारतं की यात फ्रँको-ओंटारियन काय आहे? माझ्या चित्रात तर भाषा नाही, झेंडा नाही, गाव नाही, नुसत्या रेषा आहेत. मग लिहायचं काय, ओढूनताणून अल्पसंख्याक असण्याचा धागा जोडायचा का? आणि दुसरं म्हणजे मी त्यांच्यातली धरली जाते का? ओंटारिओ सरकारने 2009 मध्ये फ्रँकोफोनची, म्हणजे फ्रेंच भाषिकाची, व्याख्या मोठी केली, मातृभाषा फ्रेंच-इंग्लिश दोन्ही नसली तरी फ्रेंच येत असेल आणि घरात बोलत असाल तर तुम्ही त्यात धरले जाता, पण आमच्या घरात मराठीच चालते. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

निकेल_नगरी
ताई, मी सडबरीत राहतो, चित्रकार नाही पण इथल्या फ्रेंच लोकांच्या कार्यक्रमांना बायको आणि मी नेमाने जातो म्हणून लिहितोय. 'यात फ्रँको-ओंटारियन काय आहे' हा प्रश्न कुठून येतो ते आधी बघा. 1912 मध्ये ओंटारिओने रेग्लमाँ 17, म्हणजे 'नियम 17', काढून पहिल्या दोन इयत्तांच्या पुढे शाळेत फ्रेंचमधून शिकवणं जवळपास बंद केलं, ते 1927 पर्यंत चाललं. पुढे 1967 च्या सुमाराला क्वेबेकवाले, म्हणजे जिथे फ्रेंच लोकच बहुसंख्य आहेत त्या प्रांतातले, आपला वेगळा रस्ता धरून निघाले आणि बाहेरच्या प्रांतातले फ्रेंच लोक एकटे पडले, त्यांना आपण कोण हे नव्याने ठरवावं लागलं. हे ठरवायला पुढे आले ते कलावालेच! 1971 ला इथे तेआत्र द्यु नुवेल-ओंटारिओ ही नाटकमंडळी सुरू झाली, 1973 ला प्रिझ द पारोल ही प्रकाशन संस्था, त्याच वर्षी न्युई स्युर लेताँ हा गाण्यांचा उत्सव, आणि 1975 ला सडबरीच्या विद्यापीठात फ्रँको-ओंटारियनांचा हिरवा-पांढरा झेंडा पहिल्यांदा चढला. म्हणजे एका अख्ख्या पिढीने कलेतून 'आम्ही आहोत' हे ओरडून सांगितलं. त्यामुळे अजूनही लोक चित्रापुढे उभे राहून तेच ऐकायला बघतात, त्यांची चूक नाही.

पण त्या पिढीने ओरडून झालंय हो. आता पुढच्यांनी नुसत्या रेषा काढल्या तर तो त्यांचा हक्कच आहे. मला तर वाटतं अल्पसंख्याक माणसाला कायम स्वतःबद्दलच बोलायला लावणं हेच अन्यायाचं आहे, टोरंटोतल्या इंग्लिश चित्रकाराला कोणी विचारत नाही की तुझ्या निळ्या चौकोनात इंग्लिशपणा कुठाय.

आणि ओळख शोधायचीच तर प्रदर्शनाच्या आसपास शोधा. पाट्या फ्रेंचमध्ये, उद्घाटनाची भाषणं फ्रेंचमध्ये, कुठलं चित्र कुठे टांगायचं यावरचं भांडणसुद्धा फ्रेंचमध्ये. इथली गालरी द्यु नुवेल-ओंटारिओ 1995 पासून हेच करतेय, समकालीन कला, प्रयोग, सगळं काही, आणि कामाची भाषा फ्रेंच. ज्या गावात दुकानात, बँकेत, दवाखान्यात दिवसभर इंग्लिश बोलावी लागते तिथे अमूर्त चित्राबद्दल फ्रेंचमध्ये तासभर वाद घालायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

जुना_जेजेवाला
निकेलदादांशी शंभर टक्के सहमत. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, घराणं गोव्याचं, शिकले जेजेत, त्यांच्या चित्रांपुढे उभं राहून आपण गोवा शोधतो का? 2014 ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा लोक त्या रंगांच्या थरांसमोर नुसते थांबत होते.

रेघाताई, तुम्ही कोडवाल्या आहात तर व्हेरा मोल्नार नक्की बघितली असेल, नसेल तर आजच बघा. बुडापेस्टची मुलगी, 1947 ला पॅरिसला आली, 1968 पासून कॉम्प्युटरवर चित्रं, तीही अशा काळात की स्क्रीनवर काही दिसायचं नाही, प्लॉटरचं पेन कागदावर फिरेल तेव्हा कळणार काय झालंय. त्याच्या आधी कितीतरी वर्षं ती स्वतःच नियम घालून, हातानेच मशीनसारखं काम करत होती. तिची 1974 ची चौकोनात चौकोन असलेली चित्रं घ्या, ओळीने शिस्तीत मांडलेले चौकोन, आणि मध्येच एखाद्याची रेष थोडी हलते, एखादी गायबच होते, आणि डोळा बरोब्बर तिथेच जाऊन अडकतो. ती पॅरिसमध्ये परकी होती, हंगेरियन होती, पण चित्राच्या तळाशी ते लिहायची तिला गरज पडली नाही. डिसेंबर 2023 ला गेली, नव्याण्णव वर्षांची होऊन, आणि तीन महिन्यांच्या आत पॅरिसच्या पोंपिदू कलासंग्रहालयात तिचं प्रदर्शन उघडलं.

तर देमार्शमध्ये सरळ कामाबद्दल लिहा. नियम कुठला घालता, तो कुठे मोडता, हाताने खोडता ते का खोडता. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

मंक्टनवासी
मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. मी न्यू ब्रन्सविकमध्ये आहे, मंक्टनला. इथे अकादियन, म्हणजे या भागातल्या जुन्या फ्रेंच भाषिक, लोकांची गालरी सां नों 1977 पासून आहे, सांत्र अॅबरडीनमध्ये, जुन्या शाळेची इमारत आहे ती, त्याच इमारतीत इमागो नावाचा ठसेचित्रांचा स्टुडिओ पण आहे. गालरी उभी करणाऱ्यांत एर्मेनेजिल्द शियासों होते, कवी आणि चित्रकार, पुढे हेच 2003 मध्ये प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. सांगायचं हे की इथे लिहिणारे आणि चित्रं काढणारे कधी वेगळे नव्हतेच, भाषा आणि चित्र एकाच टेबलावर बसतात.

म्हणून 'चित्रात काहीच शोधू नका' हेही मला पटत नाही. अमूर्त म्हणजे जगाशी संबंध तोडला असं थोडीच आहे? दादा म्हणतात ते ओझं खरंच आहे, पण ज्याला मनापासून त्याबद्दल बोलायचंय त्याने काय करावं? कोणी आजीच्या बोलण्याची रेकॉर्डिंग घेऊन त्याच्या लहरींवरून रेषा काढू शकतं, आणि ते चित्र अमूर्त आणि अकादियन दोन्ही असेल. ताई, तुम्ही थर काढून खोडता, परत चढवता. तीन भाषांत जगणाऱ्या बाईच्या हातून हे आपोआप होत असेल, लिहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एकदा स्वतःला विचारून बघा.

आणि 'मी त्यांच्यातली का' याचं उत्तर सरकारच्या व्याख्येत शोधू नका हो. ती आकडे मोजायला केलीय. त्यांनी बोलावलंय ना तुम्हाला? झालं तर मग. मोरोक्को, हैती, काँगो, कुठून कुठून आलेली माणसं आज कॅनडाच्या फ्रेंच गटांत आहेत, त्यांच्याशिवाय हे गट चालायचे नाहीत.

प्रिंटवाला_भाऊ
वरची चर्चा भारी आहे, मी फक्त कामाचं सांगतो कारण डिजिटलवाले नेमके तिथे फसतात.

ग्रुप प्रदर्शन असलं की सगळ्यांची चित्रं एकमेकांच्या शेजारी लागतात आणि तेलरंगाच्या कॅनव्हासशेजारी हलका प्रिंट लगेच मार खातो. 60 बाय 90 सेंटिमीटरचा प्रिंट 300 पीपीआयला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरून, काढायचा तर फाइल साधारण 7087 बाय 10630 पिक्सेलची लागते, आयपॅडवर एवढा कॅनव्हास घेतला की थर मोजकेच मिळतात, म्हणून कोडमधून निघालेल्या रेषा जमतील तेवढ्या व्हेक्टरमध्येच, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या स्वरूपात, ठेवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी कागदावर तसा येत नाही, आधी ए4 वर चाचणी प्रिंट काढा, मॅट कॉटन कागदावर काळा थोडा फिका पडतो ते डोळ्याने बघा आणि मग मोठ्याचे पैसे भरा. किती प्रती काढणार ते आधीच ठरवा, 3/10 (दहापैकी तिसरी प्रत) असं पेन्सिलने लिहून सही, आणि तो आकडा नंतर वाढवायचा नाही.

डिजिटलचा खरा फायदा या गटांना अंतरामुळे होतो. टोरंटोहून उत्तर ओंटारिओतलं हर्स्ट म्हणजे नऊशेच्या वर किलोमीटर, हिवाळ्यात क्रेटमध्ये कॅनव्हास भरून पाठवणं म्हणजे खर्चाने कंबरडं मोडतं, त्यापेक्षा फाइल पाठवा, तिकडे चांगला प्रिंटर असेल तर तिकडेच प्रिंट काढा. फक्त कागद कुठला आणि रंगाचं प्रोफाइल कुठलं हे लेखी द्या.

आणि ताई, मानधन विचारा, लाजू नका! कॅनडाच्या कॉपीराइट कायद्यात 1988 पासून प्रदर्शनाचा हक्क आहे, विक्रीसाठी नसलेल्या प्रदर्शनात तुमचं काम लावलं तर त्याचे पैसे मागता येतात. कारफॅक ही कलाकारांची संघटना 1968 पासून यासाठी झगडलीय आणि त्यांचे दर छापलेले असतात.

रेघा_आणि_रंग
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मंक्टनताई, तुमच्या प्रश्नाचा विचार केला. खोडण्याचं कारण मला तरी भाषेत सापडत नाही, खोडल्यावर खालच्या थराची जी कड उरते ती मला बघायची असते, एवढंच आहे ते, आणि देमार्शमध्ये मी तेच लिहिणार आहे. कोणी विचारलंच यात फ्रँको-ओंटारियन काय, तर त्या बाईंना किंवा बुवांना घेऊन चित्रापुढे बसेन आणि फ्रेंचमध्ये त्या कडांबद्दल बोलेन.

प्रिंटवाले भाऊ, एक शंका राहिली, माझं एक काम हलतं आहे, दर वेळी कोड नव्याने रेषा काढतो. ते स्क्रीनवर लाइव्ह चालवू की व्हिडिओ करून लूपवर लावू? जागा कोणीतरी सांभाळणार असलं तरी दिवसभर लॅपटॉपवर लक्ष ठेवायला माणूस नाही.

प्रिंटवाला_भाऊ
लाइव्हच चालवा, तेच तर त्या कामाचं मर्म आहे. छोटा मिनी पीसी घ्या, चालू केल्याबरोबर प्रोग्रॅम आपोआप उघडेल असं सेटिंग करा, स्लीप आणि अपडेट दोन्ही बंद, वायफाय काढून टाका. घरी सलग दोन दिवस चालवून बघा, मेमरी भरत जाते का ते तिथेच कळेल. आणि तरीही एका पेनड्राइव्हवर वीस मिनिटांचा व्हिडिओ करून गॅलरीवाल्यांकडे देऊन ठेवा, बंद पडलं तर टीव्हीला लावायला.