१६ मिमीच्या जुन्या प्रयोगपटांना व्हिनेगरचा वास येतोय, फ्रीझरमध्ये ठेवू का?

नमस्कार मंडळी, जरा घाईचं काम आहे.

कॅलिफोर्नियात ऑकलंडला आमच्या शेजारी ८६ वर्षांच्या आजी राहतात. त्यांचे यजमान पन्नास-साठच्या दशकांत प्रयोगपट करायचे. प्रयोगपट करणाऱ्या ब्रूस बेलींनी १९६१ साली कॅन्यन गावात घराच्या अंगणात पडदा लावून खेळ सुरू केले, तिथे ही दोघं ब्लँकेट घेऊन जायची. परवा गॅरेज आवरताना १६ मिमीचे २३ डबे निघाले. पहिला उघडला आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले.

ए-डी पट्ट्या (आम्ल असेल तर रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या) मागवून प्रत्येक डब्यात दिवसभर ठेवल्या. बहुतेक निळ्याच्या हिरवट झाल्या, चार पार पिवळ्या. म्हणजे ज्या प्लास्टिकवर फिल्म बनते ते ॲसिटेट कुजतंय, आणि त्यातून सुटणारं आम्ल ते आणखी कुजवतंय. ते चार डबे मी लगेच वेगळे काढले.

जीव अडकलाय तो एका छोट्या रिळात. त्यात कॅमेरा वापरलेलाच नाही. पारदर्शक फिल्मवर थेट शाई, मध्येच चिकटपट्टीखाली दाबलेल्या गवताच्या काड्या. प्रयोगपट करणाऱ्या स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३ साली पतंगांचे पंख असेच दाबून 'मॉथलाइट' केला होता. रीळ उचलताना शाईचा निळा कपचा माझ्या हातमोज्याला चिकटून आला. तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही.

एक दुकानदार म्हणाला, डिजिटल करा आणि मूळ टाकून द्या. मला हे अजिबात पटत नाही. बरीचशी फिल्म कोडाक्रोम रिव्हर्सल आहे, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली फिल्मच धुऊन पडद्यावर दाखवायची, निगेटिव्ह नसतेच, त्यामुळे मूळ गेलं की गेलं. शिवाय साफ करायच्या द्रावणात ती शाई विरघळली तर?

ब्रॅकेज यांच्या मूळ फिल्म सांभाळणाऱ्या लॉस एंजेलिसच्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हला आणि न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्जला ईमेल केलीय. नॅशनल फिल्म प्रिझर्व्हेशन फाउंडेशनचं प्रयोगपटांसाठीचं अनुदान संस्थेलाच मिळतं, त्यामुळे आधी संस्था हवी.

तोवर काय करू? आमचा मोठा फ्रीझर रिकामा आहे. दोन पिशव्यांत हवाबंद करून ठेवावं असं वाचलं, पण मग आम्लाची वाफ आतच कोंडणार ना? मॉलिक्युलर सीव्हच्या (ओल आणि आम्लाची वाफ शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या कुणी वापरल्यात का? गोठवल्यावर शाई तडकेल का? पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये काम केलेलं इथे कुणी असेल तर कृपया लिहा. शनिवारी आजींचा मुलगा गॅरेज रिकामं करायला येतोय, त्याआधी हे डबे कुठेतरी हलवायचे आहेत.