विषय: बाबांना घेऊन गाडीने गोव्याला

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरात घरी जातेय. बाबांच्या फोंड्याच्या मित्राच्या नातीचं लग्न मंगेशीला आहे. बाबा १९७४ ते ७९ फोंड्याला बँकेत होते. त्या मित्राच्याच घरात मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहायचो. बाबा आता ऐंशीचे. आई गेल्यापासून पुण्याबाहेर पडलेले नाहीत. भाऊ म्हणतो, विमानाने तासाभरात मोपाला उतरा. बाबा म्हणतात, गेलो तर गाडीनेच. एवढ्यात कुणी पुणे-गोवा गाडीने गेलं असेल तर रस्ता कोणता घ्यावा, मुक्काम कुठे करावा, कृपया कळवा.

*

अगं, बाबांचं ऐक.

पुणे ते पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. तरुण माणसं एका दमात जातात, तुम्ही जाऊ नका. पहिल्या दिवशी कोल्हापूर गाठा, अंबाबाईचं दर्शन घ्या, झोपा. दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीलाही उतरता येतं, पण बाबांना आंबोलीचाच घाट आठवत असणार.

एक महत्त्वाचं. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘फोंडा’ टाकू नकोस. कणकवली तालुक्यातही फोंडा आहे, फोंडाघाटाचं गाव. माझा जावई तिकडे अर्ध्या वाटेवर पोचला होता.

देवळाच्या आवारात लग्न म्हणजे जेवण शाकाहारी, आणि अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) खोल्या आधीच सांगून ठेवाव्या लागतात. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघू नका. मांडवात कुणाशी धड बोलणं होत नाही. मी स्वतः फोंड्याचा, तीसेक लग्नं अशी जेवून आलोय आणि ज्यांना भेटायला गेलो त्यांच्याशी चार वाक्यं बोलून परत फिरलोय. एक पूर्ण दिवस मोकळा ठेव.

*

काका आणि सगळे,

कालच परत आले. काका, तुमचा एकेक शब्द खरा ठरला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आंबोलीत धुकं होतं. बाबा काच खाली करून बसले, थंडी वाजत असूनही. सावंतवाडीपर्यंत फारसं बोलले नाहीत. पण हद्दीवर पत्रादेवीला गाडी थांबवायला लावली. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले तेव्हा पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. कर्नेलसिंग बेनिपाल थेट पंजाबातून आलेला, तो इथेच पडला. बाबा त्या वर्षी दहा वर्षांचे होते. पुण्याहून सत्याग्रहींच्या तुकड्या निघायच्या त्या बघायला आजोबा त्यांना स्टेशनवर घेऊन गेले होते, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. चपला काढून काठी टेकत ते उभे राहिले, पाच-सात मिनिटं. विमानाने आलो असतो तर हे राहूनच गेलं असतं.

मांडवीवर आता अटल सेतू आहे, २०१९चा. बाबा खाली बघत त्यांच्या वेळचा नेहरू पूल शोधत होते. तो १९८६च्या जुलैत कोसळला हे त्यांना पेपरात वाचून माहीत होतं, तरी शोधत होते. पुढे जुनं गोवं, बाणस्तारी, आणि मग डोंगर जवळ आले तसं “आता डावीकडे तळं येईल” वगैरे सुरू झालं. बरोबर सांगत होते.

लग्न छान झालं. मुहूर्त अकरा बेचाळीसचा, पण नवरी तयार व्हायला उशीर, भटजींची घालमेल, हे सगळीकडे सारखंच. सात मजली दीपस्तंभाखाली सगळ्यांचे फोटो काढून झाले. कुशस्थळीचा देव बाटाबाटीच्या धामधुमीत १५६०मध्ये नदीपार इथे आणला, ती गोष्ट मी माझ्या लेकीला सांगितली, ती नीट ऐकत होती. पानात खतखतं (तिरफळ घातलेली मिश्र भाजी), मुगागाठी, सोलकढी, शेवटी मणगणं. आणि काका, बाबा आणि आबा (त्यांचे मित्र) यांचं मांडवात खरंच चार वाक्यं बोलणं झालं. मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दारात आबा उभे. बाबांना बघून म्हणाले, “कितें रे, इतलीं वर्सां खंय आशिल्लो?” आणि बाबा, ज्यांनी पंचेचाळीस वर्षांत कोकणीचा शब्द उच्चारला नव्हता, म्हणाले, “आयलों मरे!” पुढे दोघं सोप्यावर बसले ते दुपारी जेवायलाच उठले. बँकेतला कोण गेला, कोण आहे, कुणाची मुलं कुठे. मधेच दोघं गप्प बसायचे, तेही बरं वाटत होतं.

मी माईंपाशी, म्हणजे आबांच्या बायकोपाशी, राजांगणात (घरातल्या चौकात). त्या सुपात तिरफळं घेऊन बी काढत होत्या. वाळलेलं तिरफळ उमललेलं असतं, आत काळं चकचकीत बी. ते नखाने उडवायचं, सालच तेवढी ठेवायची. खतखत्यात ती शेवटी किंचित ठेचून घालायची, वाटणात वाटायची नाही, कडू होतं. आईला हे माईंनीच शिकवलं होतं. त्या बदल्यात आईने त्यांना पुरणपोळी शिकवली. १९७९ला सामान आवरताना आई आपलं पितळी पुरणयंत्र त्यांच्याकडे ठेवून गेली होती. माईंनी ते फडताळातून काढून माझ्यापुढे ठेवलं. घासून लख्ख केलेलं, मूठ झिजलेली, आईचं नाव घातलेलं. “व्हर, तुझ्या आवयचें,” म्हणाल्या.

मी घेणारच होते. बाबा सोप्यावरून म्हणाले, “राहू दे तिथेच. आईने ठेवायला म्हणून नव्हतं दिलं, वापरायला दिलं होतं.” माईंनी संध्याकाळी त्यातच पुरण काढलं. बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या, वर्षभरात मी त्यांना एवढं जेवताना बघितलं नव्हतं. निघताना आबांना म्हणाले, “जत्रेला येतो.” भाऊ आताच तारीख बघतोय. आबांचे गुडघे आणि बाबांचा रक्तदाब बघता ती लवकर ठरावी एवढंच वाटतं.

माईंनी तिरफळाच्या दोन पुड्या दिल्या आहेत, बी काढलेल्या. संक्रांतीच्या कार्यक्रमात खतखतं करायला कुणी तयार असेल तर कळवा, एक पुडी मी आणते. काका, दुसरी तुमची.